चार उकुलेले आणि उत्तरेचा हिवाळा

उणे पंधरा अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत फार तर दीड ग्रॅम बाष्प मावते. तीच हवा घरात येऊन एकवीस अंशांपर्यंत तापली, की तिची पाणी सामावण्याची क्षमता अठरा ग्रॅमांवर जाते. पाणी मात्र पूर्वीइतकेच राहते. तिजोरी अठराची आणि शिल्लक दीडची, असा हा व्यवहार. ही तूट हवा मग मिळेल तेथून वसूल करते. ओठ फाटतात, हातांना भेगा पडतात, दारांच्या चौकटी आक्रसतात आणि घरात एखादे तंतुवाद्य असेल तर त्याच्या लाकडातील ओलावा नाहीसा होऊ लागतो. फिनलंड, स्वीडन, एस्टोनिया या देशांतून हिवाळ्यात वाद्ये घेऊन फिरणाऱ्या कलावंताला बाहेरच्या बर्फापेक्षा घरातील उबेचीच धास्ती अधिक असते. हे मला ज्यांच्याकडून कळले त्या गृहस्थांबरोबर मी नऊ दिवस प्रवास केला.

हे गृहस्थ इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्याचे, वय पंचावन्नच्या आसपास. उकुलेले हे चार तारांचे लहानसे वाद्य वाजवणे व शिकवणे हाच त्यांचा चरितार्थ. माझी कन्या व जावई हेलसिंकीशेजारी एस्पो येथे राहतात. कन्या ज्या हौशी मंडळात उकुलेले शिकते, तेथे त्यांचा वर्ग होता आणि दोन रात्री ते आमच्याच घरी उतरले. पुढे टांपेरे, औलू, तेथून स्वीडन आणि बोटीने परत, असा त्यांचा कार्यक्रम होता. मी निवृत्त, हाताशी वेळ भरपूर. कन्येचा विरोध दोन लोकरी पायमोज्यांच्या अटीवर मावळला आणि मी त्यांच्यासोबत निघालो.

उकुलेले हवाई बेटांचे म्हणून प्रसिद्ध असले तरी त्याचे मूळ पोर्तुगालच्या मदेरा बेटावरचे. २३ ऑगस्ट १८७९ रोजी ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाचे जहाज मदेराहून उसाच्या मळ्यांसाठी मजूर घेऊन होनोलुलूस पोहोचले. त्यात मानुएल नुनेस, आउगुस्तो दियास आणि जोझे दो एस्पिरितो सांतो हे तीन सुतार होते. मळ्यावरचा करार संपल्यावर त्यांनी लाकूडकामाची दुकाने काढली आणि आपल्या बेटावरचे ‘माशेत’ हे छोटे वाद्य तेथील ‘कोआ’ या लाकडात घडवू लागले. राजा कलाकौआने त्यास आश्रय दिला. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या प्रदर्शनातून ते अमेरिकेत व तेथून युरोपात पसरले. नावाचा प्रचलित अर्थ ‘उड्या मारणारी पिसू’ असा आहे. वाजवणाऱ्याची बोटे तारांवर पाहिली की तो पटतो. त्याची चौथी तार सर्वांत खर्जाची असेल असे आपणास वाटते, परंतु ती तिसरीहून उंच स्वरात लावतात. त्यामुळे हे वाद्य नेहमी थोडे हसतमुख वाटते.

पूर्वी या वाद्याला जनावरांच्या आतड्याच्या तारा असत. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉन आले. आज इटलीतील एक कारखाना आतड्यासारखाच नाद देणाऱ्या कृत्रिम तारा बनवतो आणि आमच्या या मित्राच्या चारही वाद्यांवर त्याच होत्या. आपल्या वाचकांच्या मनात हा प्रश्न आला असता, म्हणून मुद्दाम विचारून घेतले.

चार वाद्यांचा हिशेब असा. एक महोगनीचे, आकाराने मोठे, कार्यक्रमासाठी. एक प्लायवूडचे, शिकवण्यासाठी. थर एकमेकांवर आडवे चिकटवलेले असल्याने ते सहसा तडकत नाही. एक प्लॅस्टिकचे, उघड्यावर वाजवण्यासाठी. आणि चौथे कोआचे, सर्वांत लहान. जहाजावर खलाशी असलेल्या त्यांच्या आजोबांनी ते होनोलुलूहून आणले होते. त्याची तबली दोन मिलिमीटरांहूनही पातळ. त्याच्याच नादामुळे लोक त्यांना पुन्हा बोलावतात, असे ते सांगत. बँकेच्या भाषेत हीच त्यांची एकमेव स्थावर मालमत्ता म्हणावी, आणि तीही जंगम!

एवढ्या थंडीत हा फेरा कशासाठी, हे मी पहिल्याच दिवशी विचारले. उन्हाळ्यात हे लोक घरात सापडतच नाहीत, असे उत्तर मिळाले. सूर्य मावळत नाही तेव्हा सारे तळ्याकाठच्या लाकडी घरांत असतात. हिवाळ्यात मात्र हेलसिंकीत सर्वांत लहान दिवस पावणेसहा तासांच्या आसपास असतो, उत्तरेकडे त्याहून कमी. दुपारी तीनला अंधारले की माणसांना एकत्र बसायला निमित्त हवे असते. शिवाय इंग्लंड युरोपीय संघातून बाहेर पडल्यापासून त्यांना कोणत्याही एकशे ऐंशी दिवसांत नव्वदच दिवस या देशांत राहता येते आणि कामाच्या परवानगीचे नियम प्रत्येक देशाचे निराळे. नव्वद दिवस खर्च करायचे तर जेथे गिऱ्हाईक आहे त्या ऋतूत करावेत, हे त्यांचे गणित व्यापारी घरात वाढलेल्या कोणालाही मान्य व्हावे.

त्यांच्याजवळ एक यादी असे. प्रत्येक वाद्याचे लाकूड, माप, छायाचित्र, किंमत. विकायच्या तारांची पाकिटे व तबकड्या यांची यादी वेगळी. जे परत न्यायचे ते आणि जे विकायचे ते कधी एका कागदावर लिहू नये, असे ते म्हणाले तेव्हा मला आमच्या परकीय चलन विभागाची आठवण झाली. परदेशी प्रदर्शनात दागिने नेणाऱ्या व्यापाऱ्यांच्या ‘कार्ने’साठी आम्ही बँक हमी देत असू, तेव्हाही पहिली सूचना हीच असे.

टांपेरे लवकर आटोपले. औलू येथे मात्र जे पाहिले ते विसरणे कठीण. उणे अठरा अंश होते आणि वर्गाला येणारे निम्मे लोक सायकलवरून आले. त्या शहरात हिवाळाभर सायकलींचे रस्ते साफ ठेवतात, त्यामुळे पाठीवर उकुलेले आणि भुवयांवर हिमकण घेऊन येणाऱ्या आजीबाई तेथे नवल नाहीत. सर्वांनी पेट्या भिंतीशी ओळीने ठेवल्या आणि कोणीही उघडल्या नाहीत. तासभर कॉफी झाली, वेलची घातलेले पाव झाले (अंडे असते, म्हणून मी कॉफीवर भागवले), गप्पा झाल्या. थंड लाकूड एकदम उबदार हवेत काढले तर त्यावर दव धरते, सूर उतरतो आणि वरचा लेप तडकू शकतो. म्हणून पेटी बंद ठेवून आतील हवा हळूहळू तापू द्यायची. बावीस माणसे आपापल्या वाद्याची अशी शांतपणे वाट पाहत बसली होती. आपल्याकडे सतार जुळवायला पाच मिनिटे लागली तरी श्रोते घड्याळ पाहतात.

वेलचीचे एक सांगतो. फिनलंड आणि स्वीडनच्या बेकरीत वेलचीचा जेवढा वापर होतो तेवढा युरोपात अन्यत्र क्वचितच दिसेल. बाकी जेवणात बटाटा, गाजर, बीट, सलगम. उत्तरेचा हिवाळा कंदमुळांवर चालतो. ते वर्ज्य असणाऱ्याने कोबी, वाटाण्याचे सूप आणि घरून आणलेला खाखरा यांवर भिस्त ठेवावी.

औलूच्या त्या वर्गात एकीने आपले ‘कांतेले’ आणले होते. पाच तारांचे, मांडीवर ठेवून छेडायचे फिनलंडचे प्राचीन वाद्य. १८३५ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या ‘कालेवाला’ या महाकाव्यात त्याच्या जन्माची कथा आहे. वाइनामोइनेन हा वृद्ध गायक पहिले कांतेले एका प्रचंड माशाच्या जबड्याच्या हाडातून घडवतो. ते समुद्रात हरवते. मग तो भूर्ज वृक्षाच्या लाकडातून दुसरे करतो. मदेराच्या सुतारांचे वाद्य आणि हे कांतेले त्या संध्याकाळी एकत्र वाजले. दोहोंचा आवाज लहान. बाहेर बर्फाने सारे आवाज गिळलेले असल्यामुळे तो पुरेसा होता.

तोर्निओ येथे फिनलंड संपतो व नदीपलीकडे हापारांडा येथे स्वीडन सुरू होतो. दोन्ही गावे एकमेकांना चिकटलेली, चालत गेलो. पलीकडे पाऊल टाकताच घड्याळ एक तास मागे आणि युरोऐवजी क्रोना. येथून लुलेओपर्यंत बस होती.

लुलेओ येथे भाड्याच्या घरात उतरलो होतो. फरशीखालून गरम पाण्याच्या नळ्या, पायांना फार सुख. पेटीत ओलाव्यासाठी ते साबणाच्या भोके पाडलेल्या डबीत ओला स्पंज ठेवत आणि शेजारी आर्द्रता दाखवणारे लहान यंत्र. काटा पन्नासच्या जवळपास असला की ते निश्चिंत. सकाळी पेटी उघडली तेव्हा स्पंज खडखडीत वाळलेला आणि काटा वीसच्या खाली. कोआच्या तबलीवर, घोडीपासून खालच्या कडेपर्यंत, केसाएवढी रेघ. पडद्यांची टोकेही बोटाला टोचू लागली होती, कारण लाकूड आक्रसले तरी धातू आक्रसत नाही. ते काही बोलले नाहीत. स्पंज भिजवला, पिळला, डबीत ठेवला, पेटी बंद केली आणि चहाचे आधण ठेवले. मला मात्र राहवले नाही. तडा किती गंभीर, दुरुस्ती किती, विमा आहे का, असे सारे विचारले. विमा होता, बाजारभावाचा. आजोबांच्या वाद्याचा बाजारभाव काढून काय करायचे, एवढेच ते म्हणाले.

रात्रीच्या गाडीने स्टॉकहोम. तेथे एका तळघरात वाद्ये दुरुस्त करणाऱ्या वयस्कर बाई होत्या. त्यांनी भिंगातून रेघ पाहिली आणि डिंक लावण्यास साफ नकार दिला. लाकूड भुकेले असताना फट बुजवली तर ओलावा परत आल्यावर ते दुसरीकडे फुटेल. आधी पाणी परत द्या, फट आपोआप मिटू द्या, मग आतून लाकडाच्या चकत्या चिकटवू. त्यांनी ते वाद्य ओलसर फडक्यांसह प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले. मी मिरजेच्या शाखेत असताना सतारमेकरांच्या दुकानांत बसलो आहे. तेथील चिंता नेमकी उलट, पावसाळ्यात फुगणाऱ्या लाकडाची. तरी लाकडाला घाई करू नये, हे त्या बाईंनी ज्या स्वरात सांगितले तो स्वर मला ओळखीचा वाटला.

त्या शहरात बँकवाल्याने दोन घटका थांबावे असे बरेच आहे. सतराव्या शतकात स्वीडनमध्ये तांब्याच्या पत्र्यांची नाणी होती. दहा दालरचा पत्रा सुमारे वीस किलोंचा. पैसे नेण्यास गाडी लागे! म्हणूनच युरोपातील पहिल्या बँकनोटा १६६१ मध्ये येथेच निघाल्या आणि १६६८ मध्ये स्थापन झालेली येथील रिक्सबँक आजही जगातील सर्वांत जुनी मध्यवर्ती बँक आहे. ज्या देशाने नोटा काढल्या, त्याच देशात आता रोख रक्कम जवळजवळ दिसत नाही. आमच्या मित्राने कार्यक्रमानंतर प्रथेप्रमाणे टोपी फिरवली. टोपीत एक चॉकलेट पडले. लोकांचे व्यवहार मोबाईलवरील ‘स्विश’ने होतात आणि त्यासाठी स्वीडनमधील बँकेत खाते लागते, जे परदेशी फिरस्त्यापाशी नसते. कार्ड घासण्याचे यंत्र त्यांनी जवळ बाळगले होते म्हणून निभावले.

परतीची बोट रात्री ओलांड बेटांवर थोडा वेळ थांबते. उतरणारे दोघे-चौघेच. ही बेटे युरोपीय संघाच्या मूल्यवर्धित कराच्या क्षेत्राबाहेर असल्याने तेथे थांबल्यावर बोटीवर करमुक्त विक्री करता येते. एका कराच्या तरतुदीमुळे हजारो टनांचे जहाज मध्यरात्री वळण घेते. डेकवर गेलो तर बर्फाचे पापुद्रे जहाजाच्या कडेला घासून काचेसारखे वाजत होते.

हेलसिंकीहून ताल्लिन दोन तासांवर आहे. कन्येच्या घरी एक रात्र काढून त्यांच्या शेवटच्या कार्यक्रमाला मी तेथपर्यंत गेलो. एस्टोनियाची लोकसंख्या तेरा-चौदा लाख. १८६९ मध्ये तार्तू येथे पहिला गीतमहोत्सव भरला, तो आता साधारणतः दर पाच वर्षांनी ताल्लिनला भरतो आणि हजारो लोक एकत्र गातात. १९८८ मध्ये त्याच मैदानावर लाखोंच्या समुदायाने गाऊन सोव्हिएत सत्तेकडे स्वातंत्र्याचे मागणे मांडले. १९९१ मध्ये ते मिळाले. मैदान आम्ही दुपारी पाहिले. कमानदार रंगमंच, समोर उतारावर गुडघाभर बर्फ, एक लहान मुलगा घसरगाडी ओढत होता.

संध्याकाळच्या कार्यक्रमापूर्वी त्यांनी पिशवी उघडली. सहा दिवस झाले होते. काटा अठ्ठेचाळीसवर होता आणि रेघ मिटली होती. दिव्याखाली तिरपे धरल्यावरच कळत होते. त्यांनी अंगठा तिच्यावरून फिरवला, कानाशी नेऊन तबलीवर नखाने टिचकी मारली. मला वाटले, आता वाजवणार. जमलेल्यांपैकी काही जण याच वाद्यासाठी आले होते, हे त्यांनीच मला बोटीवर सांगितले होते. त्यांनी तारा आणखी सैल केल्या, फडके पुन्हा भिजवून पिशवीत ठेवले आणि शिकवण्याचे प्लायवूडचे उकुलेले सुरात लावू लागले.

कार्यक्रम दीड तास चालला. शेवटी एका मुलीने बंद पेटीकडे बोट दाखवून काही विचारले. त्यांनी तिला डबीतला स्पंज दाखवला आणि तो किती पिळायचा ते शिकवले. सकाळी सातच्या बसने ते रिगाला गेले. नव्वदपैकी एकोणीस दिवस उरले होते.