किनाऱ्यावर वही घेऊन कोण बसणार?

मंडळी, कार्तिक वद्य दशमीला सकाळी चिवला बीचवर जमायचं ठरतंय. मालवणातल्या स्कुबावाल्यांचं गेट-टुगेदर म्हणा हवं तर. बोट नाही, बॅनर नाही, प्रमुख पाहुणे नाहीत, सत्कार तर नाहीच नाही. किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचं, चार-पाच मीटरपेक्षा खोल न जाता खडकांभोवती फिरायचं, पाऊण तासाने बाहेर यायचं आणि घावणे खायचे.

कल्पना माझी नाही. पर्यटकांना स्कुबा करवणारा आमच्या वाडीतला एक पोरगा गेल्या सीझनला बोलता बोलता म्हणाला, "भाऊ, दिवसभर खाली असतंय, पण मासो म्हणून बघूक गावणा नाय. माझा लक्ष सगळा पर्यटकाच्या डोळ्यांत. डोळे मोठे झाले की समजायचा, घाबारलो." हातात एका माणसाचा जीव धरून खाली गेलेल्याला समुद्र दिसत नाही, हे इतकी वर्षं स्कुबाच्या बातम्या लिहूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. म्हणून या पोरांसाठी एक सकाळ. कुणाचा हात धरायचा नाही, पावाचे तुकडे टाकून मासे जमवायचे नाहीत, व्हिडिओ काढायचे नाहीत.

आता यात लिहिण्यासारखं काय, असं कुणाला वाटेल. तर गेल्या वर्षीचं सांगतो. आजवर हे कुठे लिहिलेलं नाही.

असेच चौघे गेले होते. मी पाण्यात उतरत नाही, मी किनाऱ्यावर. माझं काम एवढंच, किती गेले आणि किती आले ते बघायचं. तेवढ्यात डेस्कवरून फोन आला. एका बातमीत दोन नावांची अदलाबदल झाली होती. मी समुद्राकडे पाठ करून बोलत राहिलो. दहा मिनिटं असतील. वळलो तर तिघे वाळूवर बसून फिन्स काढत होते. चौथा नव्हता.

"तो तुमच्या आधी आला ना?" तिघांनी मलाच विचारलं.

मला सांगता येईना. आला असेल आणि गाडीकडे गेला असेल. नसेलही. 12 लिटरचं सिलिंडर 200 बारपर्यंत भरलं तर त्यात 2400 लिटर हवा मावते. शांत माणूस वर मिनिटाला पंधरा-वीस लिटर घेतो, खाली खोलीप्रमाणे वाढत जाते, 10 मीटरवर दुप्पट होते. एवढं गणित मला येतं, त्यावर मी लेखसुद्धा लिहिलाय. पण पोरगा पाण्यात कधी शिरला तेच लिहिलेलं नसेल तर गणित करायचं कशाचं? एकजण खडकांवर चढून हाका मारायला लागला. पाण्याखाली हाक पोचत नाही हे त्यालाही माहीत होतं.

वीस मिनिटांनी तो रॉक गार्डनच्या बाजूने चालत आला. ओहोटीने ओढून नेलेला. कालवांनी गुडघे फाटलेले, हातात फिन्स, आणि तोंडभर हसू. बाकीचेही हसले. मी चहाची टपरी गाठली आणि तिथे बसून राहिलो.

24 मे 2022 ला तारकर्लीजवळ स्कुबा करून परतणारी बोट उलटली, दोन पर्यटक गेले. त्या आठवड्यात प्रवाशांच्या नोंदी, लाइफ जॅकेट, जबाबदारी कुणाची, सगळं मी लिहिलं होतं. जोरात लिहिलं होतं. आणि माझ्या स्वतःच्या हातात चार नावांची यादी नव्हती.

म्हणून यंदा ठरवणं महिनाभर आधी सुरू केलंय. पहिला प्रश्न दिवसाचा. रविवार सोयीचा, पण समुद्राला रविवार कळत नाही. आपल्याकडे जुन्यांचा हिशेब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. दहाची पाऊणपट साडेसात. आमच्या बंदरात भरती त्याहून थोडी आधीच होते. म्हणजे सातच्या सुमाराला पाणी भरून थांबलेलं असणार. शिवाय दशमीला उधाण नसतं, भांगाचं पाणी, ओढ कमी. गेल्या वर्षी आम्ही अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी गेलो होतो, कारण तेव्हा सगळ्यांना सुट्टी होती!

दुसरा प्रश्न परवानगीचा. एका कार्यालयात गेलो. एका टेबलाने विचारलं, बोट किती सीटची? म्हटलं, बोट नाही. मग परवानगी कशाची मागताय? दुसऱ्या टेबलाने विचारलं, बोट नाही तर समुद्रात जाणार कसे? म्हटलं, चालत. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी निवेदन आवक-जावकला देऊन, पोच घेऊन बाहेर पडलो. उत्तर अजून आलेलं नाही.

खरी परवानगी मात्र दुसरीकडे होती. पहाटे त्या पाण्यावर हक्क रापणीचा. होडीतून जाळं अर्धगोल टाकत नेतात आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसं ओढतात. त्या गोलात आमचा डायव्हर सापडला तर त्यांचं जाळं फाटेल आणि आमच्या माणसाचं काय होईल ते वेगळं. रापणीवरच्या एका जाणत्या काकांना जाऊन भेटलो. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "खाली जावन करतल्यात काय?"

"काय नाय काका, बघतले नुसते."

थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "आमची रापण भायर येवंदे, मगे जावा. आणि खडकार अडाकलेला जाळा दिसला तर कापू नको. वर येवन आमका सांग." पाच मिनिटांत काम झालं. पोच वगैरे नाही.

पाण्यात उतरणार ते फक्त सर्टिफिकेटवाले, जोडीजोडीने. प्रत्येक जोडीबरोबर तरंगता बोया आणि त्यावर लाल बावटा, कारण बुडबुड्यांवरून खाली माणूस आहे हे जेट-स्कीवाल्याला समजत नाही. शंख-शिंपले जिथले तिथे राहतील. 1987 पासून मालवणच्या समुद्राचा एक भाग सागरी अभयारण्य आहे. ते कागदावर किती आणि पाण्यात किती, हा वाद पुन्हा कधीतरी घालू.

कोल्हापूरचे दोन मित्र येणार आहेत. त्यांना मुक्काम करायला सांगितलंय. डाइव्ह करून लगेच घाट चढला की हवेचा दाब कमी होतो आणि अंगात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा धोका वाढतो. आंबोली समुद्रापासून जवळजवळ 700 मीटर वर आहे. चार-पाच मीटरच्या डाइव्हमध्ये ही भीती फारशी नाही, पण त्यानिमित्ताने रात्री गप्पा होतील. मुंबईकरांनीही चिपीहून त्याच दिवशीचं विमान धरू नये.

निवतीच्या समुद्रात नौदलाची निवृत्त युद्धनौका गुलदार तळाशी ठेवून पाण्याखालचं संग्रहालय करायची योजना आहे. माझा विरोध नाही, उलट आमची पोरं वाट बघतायत. फक्त तिथे पोचायच्या आधी माणूस कुठल्यातरी किनाऱ्यावर उभा असतो, त्या किनाऱ्याचं बोलूया. आम्ही कपडे गाडीच्या आडोशाला बदलणार आहोत, रेग्युलेटर धुवायला गोडं पाणी ड्रममधून घरून नेणार आहोत. एवढं जमेल. एक गोष्ट मात्र जमलेली नाही, आणि ही पोस्ट मुख्यतः त्यासाठीच आहे.

ऑक्सिजन हवाय. मास्क, रेग्युलेटरसकट. डायव्हरला काही झालं तर 108 येईपर्यंत शुद्ध ऑक्सिजन देणं हाच पहिला उपचार. कोविडच्या वेळी जमवलेले सिलिंडर एखाद्या मंडळाकडे कोपऱ्यात पडून असतील. कॉन्सन्ट्रेटर चालणार नाही, सिलिंडरच लागेल, आणि भरलेला. एका सकाळपुरता द्या, भरून परत करू. आणि तो कायमचा त्या किनाऱ्यावर ठेवायला कुणी जागा देत असेल तर मी तुमच्या दारात येतो.

येणाऱ्यांनी नवमीपर्यंत सांगा, घावण्याचं पीठ आणि काळे वाटाणे आदल्या रात्री भिजवायचे असतात. नाव लिहायला सव्वासहाला हजर राहा. नाव, जोडीदार, सिलिंडरमधला बार, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ. वही नवीन घेतलीय.

डेस्कला सांगून ठेवलंय, त्या दिवशी सहा ते नऊ माझा फोन लागणार नाही. तो बायकोकडे घरी असेल. 108 लावायला दुसऱ्याचा फोन घेतलाय.