पंधरा दिवसांची नोटीस

शनिवार पेठेतल्या एका जुन्या वाड्यात आमच्या तीन पिढ्या भाड्याने राहिल्या. अब्बा पुस्तकबांधणीचे काम करीत. अप्पा बळवंत चौकातून पुस्तकांचे गठ्ठे यायचे आणि शिवून, पुठ्ठा चढवून परत जायचे. अब्बा गेले, तरी विजेचे मीटर त्यांच्याच नावावर राहिले.

२०१९ची गोष्ट. एरवी सातशेच्या आसपास येणारे बिल एकदम नऊ हजारांवर गेले. घरात दोन पंखे, दोन दिवे आणि अम्मीचे वाफेचे मशीन. मी तक्रारीचा अर्ज दिला, पोच घेतली आणि निर्धास्त झालो. अर्जाचा निकाल लागेपर्यंत वीज कोण तोडणार? शिकलेल्या माणसाचा हा भाबडेपणा!

१० मे. रमजानचा पहिला जुमा. मी नमाजला गेलो होतो, घरी अम्मी एकटी. दम्यामुळे तिचे रोजे सुटले होते, त्याचीच तिला खंत होती. परत आलो तेव्हा पंखा बंद आणि अम्मी खिडकीचे गज धरून श्वास ओढत बसलेली. कोणी माणूस आला, काही बोलला. “बेटा घर पे नहीं है,” एवढेच तिने सांगितले. तो वीज तोडून गेला. लेखी नोटीस आम्हाला मिळालीच नव्हती. मिळाली असती, तरी उर्दूखेरीज काही न वाचणाऱ्या अम्मीला ती काय कळणार होती?

समोरच्या आजींनी काही न विचारता आपल्या खोलीतून वायर सोडली. ते नियमात बसते का, हे त्यांनी पाहिले नाही आणि मीही पाहिले नाही. मशीन सुरू झाले. पुढे दुसरा शनिवार, मग रविवार. सोमवारी उसने पैसे घेऊन मी सगळे बिल भरले.

नंतर २००३चा वीज कायदा मिळवून वाचला. कलम ५६ सांगते की, थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी किमान पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस हवी. बिलाबद्दल वाद असेल, तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने होणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरावी. मग निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. म्हणजे जिथे सातशे रुपयांनी काम भागले असते, तिथे मी नऊ हजारांचे कर्ज काढले. आणि मी तर वर्गात ग्राहकांच्या हक्कांचा धडा शिकवणारा बी.एड. शिक्षक! ज्या पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली, त्याच पुण्यात राहणारा.

पण कायदा वाचूनही एक गोष्ट खटकत राहिली. कलम ५६ मध्ये म्हातारपण नाही, आजारपण नाही. दाराआड कोण आहे, हे ते विचारत नाही. ब्रिटनमध्ये वीज कंपन्यांच्या परवान्यातच अट आहे की, ऑक्टोबर ते मार्च या थंडीच्या काळात एकट्या राहणाऱ्या वृद्धाची वीज जाणूनबुजून तोडायची नाही. तिथे थंडी जीव घेते, इथे मे महिन्याची काहिली. कोरोनानंतर, मार्च २०२१ मध्ये, विधानसभेत महाराष्ट्रातल्या वीजतोडणीला स्थगिती जाहीर झाली आणि आठवडाभरात ती उठलीही. अशी मेहेरबानी येते आणि जाते. लिहिलेला हक्क मात्र टिकतो, पण तो ठाऊक असेल तरच.

आता शाळा सुटल्यावर काही पालक बिले घेऊन माझ्याकडे येतात. बहुतेक आयाच असतात. मी त्यांना नोटिशीतला मजकूर उर्दूत समजावतो, तारखेपासून पंधरा दिवस मोजून दाखवतो, अर्ज लिहून देतो आणि पोच घ्यायला सांगतो. ‘नुसत्या अर्जावर विसंबू नका, सरासरीची रक्कमही भरा,’ हे मात्र प्रत्येकीला दोनदा सांगतो. त्यासाठी मी नऊ हजार मोजले आहेत.