ओर आणि अद

गोंडीची सर्वनामं शिकायला घेतली आणि लगेच त्या भाषेवर रागावले. ‘तो’ म्हणजे ‘ओर’, इथवर ठीक. पण ‘ती’ म्हणजे ‘अद’, आणि गाय, झाड, दगड यांनाही तेच ‘अद’! पुरुष एका खणात, बाई उरलेल्या जगाबरोबर दुसऱ्यात. बाईला वस्तूंत बसवणारी भाषा, असं मैत्रिणींना तावातावानं सांगितलंही.

खरं तर रागाआधी तुच्छता होती. नागपूरच्या महालात, गोंड राजाच्या किल्ल्याजवळ वाढले, १७०२ साली बख्त बुलंद शहानं हे शहर वसवलं हे शाळेत पाठ केलं. तरी गोंडी म्हणजे जंगलातली, व्याकरण नसलेली बोली, असंच वाटे. याच नागपुरात रिझर्व्ह बँकेतली नोकरी सांभाळून मोतीरावण कंगालींनी तिचं व्याकरण नि शब्दकोश लिहिले, हे फार उशिरा कळलं.

मत फिरलं ते ‘मी’पाशी. मराठीत ‘मी आले’ म्हटलं की मी बाई आहे हे सांगून होतं. भाऊ ‘आलो’ म्हणतो. (आमच्या नागपुरीत तर सरळ ‘मी आली’.) गोंडीत ‘नन्ना वातोन’. बाई म्हणो की बाप्या, वातोनच. प्रदेशागणिक शेवटचा स्वर थोडा बदलतो, पण स्वतःबद्दल बोलताना बाईला वेगळं रूप घ्यावं लागत नाही. तो आला तर ‘ओर वातोर’, ती आली तर ‘अद वाता’. भेद आहे तो तिसऱ्याबद्दल बोलतानाच.

वाक्याचा क्रम आपलाच, क्रियापद शेवटी. मात्र ‘मी भाकर खाल्ली, आंबा खाल्ला’ यात आपलं क्रियापद खाणाऱ्याला सोडून भाकरीमागे, आंब्यामागे धावतं. गोंडीचं क्रियापद खाणाऱ्याला सोडत नाही. ही द्राविडी रीत. ‘अद’चंही तसंच, तेलुगूतही एकवचनात बाई आणि वस्तू दोन्ही ‘अदि’च. म्हणून तेलुगू बायकांची मला कधी कीव आली नव्हती. कीव राखून ठेवली होती ती गोंड बायकांसाठी. हे लिहिताना बरं वाटत नाही.

‘अद’ अजून थोडं टोचतं, नाही म्हणत नाही. शिकवणाऱ्या धानोऱ्याकडच्या मावशींना मात्र ते मुळीच टोचत नाही. मराठीत आंबा पुरुष आणि भाकर बाई कशी, हे मी त्यांना अजून समजावू शकलेले नाही.