पाण्याचा हिशेब

कोकणातल्या आपल्या बहुतेक घरांचे आखाताशी काही ना काही नाते असते. कुणाचा भाऊ कुवेतला, कुणाचा जावई दुबईला. मी मस्कतला, रुवीत राहतो. अब्बा-अम्मी दोन-तीन वर्षांतून एकदा व्हिजिटवर येतात. आले की त्यांना काय दाखवू आणि काय नको, असे आम्हाला होऊन जाते. 2019 च्या मार्चअखेरीस ते आले होते आणि मुलांच्या शाळेला सुट्टी होती. धाकट्याने हट्ट धरला, दादा-दादींना वाळवंट दाखवायचेच.

अब्बांबद्दल आधी सांगायला हवे. ते एसटीत तेहतीस वर्षे ड्रायव्हर होते. चिपळूण-कराड मार्गावर कुंभार्ली घाटात त्यांनी किती फेऱ्या मारल्या असतील, त्याची गणती नाही. पण मस्कतला आले की आम्ही त्यांना सोफ्यावर बसवतो, हातात रिमोट देतो आणि वर म्हणतो, "अब्बा, तुम्ही आराम करा." यात आदर असतो. थोडा गैरसमजही असतो, हे मला त्या सफरीत कळले.

शुक्रवारी जुम्याची नमाज पढून आम्ही सहा जण निघालो: अब्बा, अम्मी, मी, माझी पत्नी, थोरली मुलगी आणि धाकटा. मस्कतपासून सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास बिदिया गाव आहे. तिथून शरकिया वाळवंट सुरू होते. बनी वहिबा या बदू कबिल्याच्या नावावरून लोक त्याला वहिबा म्हणूनही ओळखतात. साधारण साडेबारा हजार चौरस किलोमीटरचा पसारा, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या दीडपट नुसती वाळू! वाळूच्या लांबच लांब रांगा उत्तर-दक्षिण पसरलेल्या आणि दोन रांगांच्या मध्ये दरीसारखी सपाट पट्टी. गाड्या या पट्टीतून जातात.

रात्र आम्ही तिथल्या एका कॅम्पवर काढली. सकाळी नाश्ता करून, दुपारपर्यंत फिरून येऊ म्हणून आमची एकच गाडी घेऊन निघालो. निघताना पत्नी कॅम्पवरच्या माणसाला सांगून आली, "आम्ही दक्षिणेकडे जातोय, चारपर्यंत परत येऊ." मी हसलो. म्हटले, "अगं, आपण काय हरवणार आहोत?"

आता माझ्या चुका सांगतो, कारण त्या एकामागून एक झाल्या.

पहिली चूक हवेची. रस्त्यावर टायरमध्ये 35 पौंड हवा असते. वाळूत ती 15 ते 18 पर्यंत खाली आणावी लागते. हवा कमी झाली की टायर पसरतो आणि उंटाच्या पावलासारखा वाळूवर तरंगतो. बिदियात त्यासाठी दुकाने आहेत. पण परतताना पुन्हा हवा भरायची कटकट नको म्हणून मी 25 वर थांबलो. दुसरी चूक, सोबत दुसरी गाडी नव्हती. तिसरी चूक त्याहून जुनी. मेकॅनिकने दोन महिन्यांपूर्वी सांगितले होते की रेडिएटरचा वरचा होज कडक झालाय, बदलून घ्या. मी ते पुढच्या पगारावर ढकलले होते.

कॅम्पपासून दहाएक किलोमीटरवर धाकटा म्हणाला, "पप्पा, त्या टेकडीपलीकडे जाऊ या." मी रुळलेली वाट सोडली. चारएक किलोमीटर आत गेलो आणि मऊ वाळूत गाडी बसली. मी ॲक्सिलरेटर दाबला. चाके फिरली, गाडी आणखी खाली गेली. पुन्हा दाबला. मागून अब्बा म्हणाले, "थांब जरा." मी थांबलो नाही. वीस मिनिटे पुढे-मागे करत राहिलो. तापमानाचा काटा लाल रेषेवर गेला, पुढून फट्‌ असा आवाज आला आणि बॉनेटमधून वाफ उसळली. होज फुटला होता.

सकाळचे अकरा वाजले होते. मोबाइलला रेंज नव्हती. मी टेकडीवर चढून पाहिले, तिथेही नव्हती. चारी बाजूंना वाळू, आणि ऊन पस्तिशीकडे सरकत होते.

मी खाली आलो तो घाईतच. अब्बा बॉनेटपाशी उभे होते. म्हटले, "अब्बा, तुम्ही सावलीत बसा, मी बघतो." ते काही न बोलता बाजूला झाले. फुटलेल्या जागेवर मी चिकटपट्टी गुंडाळली. इंजिन पुरते थंडही झाले नव्हते, तरी टॉवेल धरून झाकण उघडले आणि पिण्याच्या पाण्याच्या दोन बाटल्या आत ओतल्या. गाडी सुरू केली. दोन-तीन मिनिटे ठीक होते. मग चिकटपट्टी सुटली आणि पाण्याची चिळकांडी उडाली. तीन लिटर पाण्यातले बरेचसे बघता बघता वाळूत जिरले. थोड्या वेळाने तिथे ओल्याचा डागसुद्धा राहिला नाही.

त्या कोरड्या जागेकडे पाहताना मला पहिल्यांदा भीती वाटली. अम्मींना साखरेचा त्रास आहे. त्या सीटवर बसून तसबीह फिरवत होत्या, चेहरा शांत, पण ओठ सुकलेले. मी म्हटले, "मी चालत कॅम्पवर जातो. चौदा किलोमीटर तर आहे."

तेव्हा अब्बांचा आवाज चढला. नोकरीच्या काळातला तो आवाज मी लहानपणी ऐकला होता. "कुणी कुठे जायचं नाही. गाडी सोडायची नाही. गाडी लांबून दिसते, माणूस दिसत नाही. या उन्हात वाळूतून चौदा किलोमीटर चालशील, आणि पोहोचला नाहीस तर आम्ही काय करू?"

मग ते पत्नीकडे वळले, "बेटी, पाणी किती आहे ते सगळं माझ्यासमोर आण."

दीड लिटरच्या सहा बाटल्या उरल्या होत्या. वजू आणि हात-भांडी धुण्यासाठी आणलेल्या कॅनमध्ये अंदाजे तीन लिटर. बर्फाच्या पेटीत वितळलेले दीड लिटरच्या आसपास. अब्बांनी वाळूवर चादर अंथरून सगळे मांडले. पाच बाटल्या उचलून अम्मींच्या पायाशी ठेवल्या. "या माणसांच्या. गाडी चालो न चालो, उद्या सकाळपर्यंत यांना गाडीसाठी कुणी हात लावणार नाही. उरलेली एक बाटली, कॅन आणि बर्फाचं पाणी गाडीचं. तेही आत्ता नाही."

"आणि वजू?" थोरलीने विचारले.

अम्मी म्हणाल्या, "पाण्याची गरज जिवाला असते तेव्हा तयम्मुम असतो, बेटा. मदरशात शिकलीस ना? आज करून बघ." जोहरची वेळ झाली तेव्हा सगळ्यांनी बारीक धुळीवर हात मारून तयम्मुम केला आणि सफरीची कसर नमाज पढली. इतकी वर्षे जे फक्त पाठ होते, त्याचा अर्थ त्या दिवशी मुलांच्या हाताला लागला. माझ्याही.

पुढचे चार तास अब्बांनी आम्हाला जे करायला लावले, त्यात घाई नावाची गोष्ट नव्हती. आधी बॉनेट उघडे ठेवले. त्याने इंजिन निवते, आणि लांबून पाहणाऱ्याला कळते की गाडी अडली आहे. गाडीच्या सावलीच्या बाजूला चादर बांधून अम्मी आणि मुलांना तिथे बसवले. अम्मींना ठरल्या वेळी खुबूस आणि भाजी खायला दिली. पाणी सगळ्यांना थोडे थोडे, पण न चुकता. धाकटा नको म्हणाला तर त्याला दटावून पाजले. "तहान लागेपर्यंत थांबायचं नाही," अब्बा म्हणाले.

मग वाळू. आमच्याकडे फावडे नव्हते. डेगचीच्या झाकणाने आणि दोन ताटांनी आम्ही चाकांपुढची, चाकांमागची आणि गाडीच्या पोटाखालची वाळू उपसली. गाडीचे पोट वाळूवर टेकले असेल तर चाकांना कितीही जोर लावा, उपयोग होत नाही. चारही टायरची हवा मी 15 पर्यंत उतरवली. मागच्या चाकांमागे पायाखालचे मॅट घातले.

होजचे काम तीन वाजता, इंजिन पुरते थंड झाल्यावर. चीर होजच्या टोकालाच होती, इंचभर. अब्बा म्हणाले, "घाटात असं झालं की आम्ही फुटलेलं टोकच कापून टाकायचो. होज तेवढा आखूड होतो, पण बसतो." त्यांचा हात आता थोडा थरथरतो आणि जवळचे नीट दिसत नाही. त्यांनी थोरलीला जवळ घेतले. तिने चीर कुठे संपते ते दाखवले, त्यांनी फळे कापायच्या सुरीने टोक सरळ कापले. मी पकडीने क्लिप सरकवून धरली आणि होज ओढून पुन्हा बसवला.

पाणी त्यांनी स्वतः ओतले, सावकाश. गरम इंजिनात एकदम थंड पाणी गेले तर इंजिन तडकू शकते, हे सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. बर्फाचे, कॅनचे आणि ती एक बाटली, एवढ्यावर पाणी काठापर्यंत आले. झाकण पूर्ण आवळले नाही, पहिल्या खाचेवरच ठेवले, म्हणजे आत दाब साचत नाही आणि जुन्या होजवर ताण येत नाही.

साडेचार वाजता गाडी सुरू केली. अब्बा माझ्या शेजारी बसले. "एसी बंद. हीटर पूर्ण चालू." मुलांना वाटले दादा थट्टा करतात. पण हीटर इंजिनाचीच उष्णता आत ओढतो, तेवढे इंजिन हलके होते. काचा खाली, गरम वाऱ्याचे झोत तोंडावर, आणि वाळवंटात हीटर लावून बसलेले आम्ही सहा जण! अम्मी पदराने वारा घेत म्हणाल्या, "तुझ्या अब्बांच्या एसटीत असंच असायचं." सगळे हसले. सकाळपासून पहिल्यांदाच.

रिव्हर्स टाकला, लो गिअर, ॲक्सिलरेटरवर नुसता पाय ठेवला. गाडी सरकली आणि मॅटवरून मागे आली. आलो होतो त्याच चाकोरीतून सावकाश परत निघालो. अब्बांची नजर काट्यावर होती. दोनदा त्यांनी हात वर केला, दोन्ही वेळा मी लगेच थांबलो.

रुळलेल्या वाटेला लागलो तोच समोरून एक पिकअप धूळ उडवत आला. चारला आम्ही परतलो नाही म्हणून कॅम्पवाल्याने एका बदू ड्रायव्हरला पाठवले होते. उतरताच त्याने पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचा. गाडीला काय झाले, हे नंतर. त्याने पाण्याची पेटी उतरवली, खजूर आणि थर्मासमधला कहवा दिला. मी पाकीट काढले तर छातीवर हात ठेवून नको म्हणाला आणि कॅम्पपर्यंत आमच्या मागोमाग आला. मी पत्नीकडे पाहिले. सकाळी ज्या वाक्याला मी हसलो होतो, त्यानेच हा माणूस आला होता.

आखातात आपली कितीतरी कुटुंबे सुट्टीला वाळवंटात जातात. त्यांच्यासाठी एवढे लिहितो. दुसरी गाडी सोबत असल्याशिवाय वाट सोडू नका. फावडे, हवा भरायचा पंप, पक्कड, टॉर्च आणि वाहन ओढायचा पट्टा गाडीत ठेवा. पिण्याचे पाणी माणशी रोजचे किमान पाच लिटर घ्या. गाडीचे पाणी वेगळ्या कॅनमध्ये ठेवा, म्हणजे दोन्हींत निवड करायची वेळ येणार नाही. कुठे जाता आणि कधी परतणार, हे मागे कुणाला तरी सांगून जा. ओमानमध्ये आणीबाणीचा नंबर 9999 आहे, पण रेंज असेल तरच तो लागतो. नियमित औषधे घेणारे कुणी सोबत असेल तर एका दिवसाची औषधे जास्तीची ठेवा. आणि गाडी अडली तर पहिली वीस मिनिटे हात लावू नका. माझे सगळे नुकसान त्या वीस मिनिटांत झाले.

मस्कतला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी होज बदलला. गॅरेजमध्ये जाताना अब्बांना म्हटले, "चला, तुम्ही बघा, बरोबर बसवतो का." ते चपला घालून माझ्या आधी जिन्यावर पोहोचले होते. मेकॅनिक पंजाबी होता. दोघे अर्धा तास बॉनेटमध्ये डोके घालून बोलत होते आणि मी बाजूला स्टुलावर बसलो होतो.

आता ते चिपळूणला असतात. आम्ही कुठे लांब निघालो की रात्री त्यांचा फोन येतो. सलामानंतर दोनच प्रश्न असतात: "पाणी किती घेतलंस? आणि कुणाला सांगून निघालास?"