अडनिड्या वयाचा सिनेमा

नऊ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी सिनेमा निवडणं अवघड असतं, कारण या वयात भीतीच रूप पालटत असते. पाच वर्षांचं मूल राक्षसाच्या सुळ्यांना घाबरतं. अकरा वर्षांच्या मुलाला राक्षस खोटा हे पक्कं ठाऊक असतं, पण वडील गेले तर, आईची बदली झाली तर, मित्रांनी एकटं पाडलं तर, या विचारांनी त्याची झोप उडते. जे आपल्याही घरी घडू शकतं, ते पडद्यावर दिसलं की मनात मुक्काम ठोकून बसतं.

पालकांच्या हाती पहिली चाळणी असते ती प्रमाणपत्राची. १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली प्रत्येक चित्रपटाला ते मिळतं. ‘यू’ आणि ‘ए’ यांच्या मधला ‘यूए’ हा वर्ग १९८३ साली आला आणि तब्बल चाळीस वर्षं सगळी मधली मुलं त्या एकाच शिक्क्याखाली वावरली. २०२३च्या दुरुस्तीने त्याचे सात, तेरा आणि सोळा वर्षांचे टप्पे केले. ओटीटीवर हेच टप्पे २०२१च्या नियमांनी आले. तिथे तेरा आणि त्यावरच्या वर्गासाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय देणंही बंधनकारक झालं. तरी ‘यूए’मधले हे आकडे सल्ल्यापुरतेच आहेत. निर्णय घरातच होतो, आणि ते योग्यही आहे. एकाच वर्गातली दोन मुलं एकाच प्रसंगाने सारखी हलत नाहीत.

शिक्का काही गोष्टी सांगत नाही. जाडेपणावर, काळ्या रंगावर, तोतरेपणावर पिकवलेला हशा ‘यू’ सिनेमातही सापडतो. ज्या वयात मूल आरशासमोर जास्त वेळ उभं राहू लागतं, त्या वयात असा हशा एखाद्या मारामारीपेक्षा खोल लागतो. मारामारी खोटी आहे हे मुलाला कळतं. हसणारे लोक मात्र खरे असतात, कधी शेजारच्याच खुर्चीत बसलेले असतात. म्हणून सिनेमा पारखताना कोण कोणाला मारतं याइतकंच कोण कोणाला हसतं हेही पाहायला हवं.

या वयासाठी मराठीत खरोखर सुंदर सिनेमे आहेत. अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’मधला चिन्मय अकरा वर्षांचा आहे. वडील वारलेले, आईची कोकणात बदली झालेली, शाळा नवी, पाऊस थांबत नाही. नव्या मित्रांबरोबर तो सायकलने किल्ल्यावर जातो आणि भर पावसात ते त्याला तिथेच सोडून निघून जातात. एक थेंब रक्त न सांडता घडलेला हा विश्वासघात त्या वयाच्या प्रेक्षकाला थेट भिडतो. पुढे रुसवा निवतो तोही कोणी उपदेश केल्यामुळे नाही. दिवस जातात, समुद्र दिसत राहतो, आईचंही एकटेपण हळूहळू ध्यानात येतं. बर्लिनच्या महोत्सवात २०१४ साली या सिनेमाला ‘क्रिस्टल बेअर’ देणारं परीक्षक मंडळ मुलांचंच होतं. परेश मोकाशींचा ‘एलिझाबेथ एकादशी’ पंढरपुरातल्या मुलांना सायकल वाचवण्यासाठी वारीच्या गर्दीत बांगड्या विकायला लावतो. पैशाची चणचण काय असते हे तो हसतखेळत सांगतो.

‘श्वास’ आणि ‘नाळ’ यांना मात्र मुहूर्त पाहावा लागतो. ‘श्वास’मध्ये जीव वाचवण्यासाठी परशुरामाची दृष्टी जाणार असते आणि त्याआधी आजोबा त्याला जग दाखवायला बाहेर नेतात. घरात कोणी आजारी असेल, तर तो सिनेमा काही महिने थांबू शकतो. ‘नाळ’मध्ये चैत्याला कळतं की आपली जन्मदाती आई दुसरी आहे. दत्तक मुलाच्या घरी तो लावण्यापूर्वी ती गोष्ट घरात उघडपणे बोलली गेलेली असावी. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ बाराव्या वर्षाच्या आसपास जरूर दाखवावा. डुकरं पकडण्याचं काम वर्गातल्या मुलांना दिसू नये म्हणून जब्या लपतो, आणि शेवटी त्याने भिरकावलेला दगड सरळ प्रेक्षकाकडे येतो. त्यानंतर मूल जातीबद्दल विचारतं. त्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायची तयारी असेल, त्याच दिवशी तो सिनेमा लावावा.

शक्य असेल तर मोठ्यांनी सिनेमा आधी पाहून ठेवावा. नुसत्या ट्रेलरवर भिस्त ठेवू नये, त्यात गंमतच तेवढी वेचून घेतलेली असते. नवखा, जड विषय घरी पाहणं बरं, कारण तिथे दिवे लावता येतात, मध्येच थांबवता येतं. थिएटरातला अंधार आणि आवाज साध्या प्रसंगालाही मोठा करतो. सिनेमा संपल्या संपल्या ‘काय शिकलास?’ असं विचारलं की मूल गप्प होतं. बोलणं दोन दिवसांनी, भांडी पुसताना किंवा शाळेच्या वाटेवर आपोआप निघतं, तेव्हा तिथे हजर असणं पुरतं. मध्येच ‘बंद करा’ म्हटलं तर बंद करावं, चिडवू नये.

घरात धाकटं भावंड असेल तर एकत्र बसण्याची निवड त्याच्या वयाने ठरते, आणि थोरल्यासाठी वेगळी संध्याकाळ राखून ठेवावी लागते. त्या संध्याकाळी आई किंवा वडील एकट्या आपल्याच शेजारी बसले आहेत, याचं या वयातल्या मुलाला मोठं अप्रूप असतं.