भांडे निवडावे पेलणाऱ्या हातांसाठी

ठाकुर्ली म्हटले की जुन्या माणसांना रेल्वेचे चोळा वीजगृह आठवते. आता वीज आपल्या ओट्यावर येऊन स्वयंपाकही करू लागली आहे. घरी वृद्ध आईवडील एकटे असले आणि गॅस चालू राहण्याची धास्ती वाटू लागली, की मुले इंडक्शन शेगडी आणून देतात. हेतू उत्तम, परंतु पुष्कळ घरांत ती महिन्याभरात कोपऱ्यात जाते. कारण बहुधा शेगडीत नसते, भांड्यांत असते.

ही शेगडी स्वतः जाळ देत नाही. काचेखालच्या तारेच्या वेटोळ्यातून चुंबकीय क्षेत्र निर्माण होते आणि त्यामुळे भांड्याचे बूडच तापते. मायकेल फॅरेडे यांनी 1831 मध्ये दाखवून दिलेल्या तत्त्वाचाच हा उपयोग. म्हणून बुडाला लोहचुंबक घट्ट चिकटला पाहिजे. फ्रीजवरचा चुंबक लावून पाहावा. तांब्या-पितळेची, मातीची वा साध्या अ‍ॅल्युमिनियमची भांडी येथे चालत नाहीत. स्टीलचीही सगळीच चालतात असे नाही. बूड सपाट हवे. गोल बुडाची कढई निरुपयोगी.

परंतु चुंबक चिकटला एवढ्यावर खरेदी करू नका. बिडाचा तवा या शेगडीवर उत्तम चालतो. मात्र संधिवाताने आखडलेल्या बोटांना तो पेलेल काय? भांडे पाण्याने अर्धे भरून ज्यांना वापरायचे आहे त्यांनाच उचलून पाहू द्या. दोन्ही बाजूंना न तापणारे, पक्के कान असलेले, उथळ व हलके पातेले बरे. सांडशीवर भिस्त ठेवावी लागू नये.

आणखी काही पथ्ये. भांडे उचलले की बहुतेक शेगड्या तापवणे थांबवतात, पण भांड्याच्या उष्णतेने तापलेली काच पोळते. मधुमेहाने बोटे बधिर झालेल्यांना हा चटका उशिरा कळतो. तेल येथे झपाट्याने तापते. म्हणून फोडणी मंद आचेवर करावी आणि रिकामे भांडे तापत ठेवू नये. पेसमेकर बसवलेल्यांनी तो चालू शेगडीपासून किमान 60 सेंटिमीटर दूर राहील असे उभे राहावे, असा सल्ला ब्रिटिश हार्ट फाउंडेशन देते. आपल्या हृदयरोगतज्ज्ञांनाही विचारावे. 2000 वॅटची शेगडी जुन्या घरातील लहान प्लगवर लावू नये. 16 अँपिअरची स्वतंत्र जोडणी वायरमनकडून करून घ्यावी.

आरंभी एक दुधाचे पातेले, एक सपाट तवा आणि इंडक्शनवर चालणारा लहान कुकर पुरे. आपला चहा आपण करून घेता येणे, आल्यागेल्याला कपभर पुढे करता येणे, यात वृद्धांचा मान असतो. शेगडी मुलांनी खुशाल आणावी. भांडी मात्र आईवडिलांना सोबत नेऊन, त्यांच्या हातांना विचारून घ्यावीत.