कळमन्याच्या बाजारातील धूळ

वर्षाची मिरची भरावयाची म्हणजे आमच्या घरी एक लहानसा समारंभच असतो. घरातील खाणारी तोंडे चौदा. त्यांत तिखट खाणारे नऊ आणि तिखटावरून भांडणारे सगळेच. यंदा फाल्गुनाच्या आरंभी आत्याबाईंनी हुकूम सोडला, की कोपऱ्यावरच्या दुकानदाराचा भरवसा पुरे झाला, आता खुद्द कळमन्यासच जावे. तेव्हा एके दिवशी पहाटे आत्याबाई, धाकटे बंधू आणि आम्ही असे तिघे निघालो.

नागपूरच्या पूर्वेस, हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, कामठीच्या अलीकडे कळमना हे स्टेशन लागते. पूर्वीचे हे गाव आता शहरात पुरते मिसळून गेले आहे, आणि त्याचे नाव घेतले की लोकांस गाव आठवत नाही, बाजार आठवतो. धान्य, संत्री, भाजीपाला, मिरची, प्रत्येकाचे आवार निराळे. संत्र्यांच्या आवारातून जाताना मन प्रसन्न होते. मिरचीचे आवार मात्र दृष्टीस पडण्यापूर्वीच नाकास कळते. आत लालभडक ढिगांच्या रांगा लागलेल्या. कोठे आंध्र-तेलंगणाकडून आलेली तेजा, कोठे आमच्या विदर्भाची, भौगोलिक मानांकन लाभलेली भिवापुरी. अडत्ये, व्यापारी, हमाल यांची एकच गर्दी उसळलेली, आणि त्या सर्व कोलाहलावर मात करणारा शिंकांचा व ठसक्यांचा आवाज!

दाराशीच एका वृद्ध हमालाने आम्हांस अडविले. "काकाजी, तोंडाले फडकं बांधा पहिले. आत झाडणं चालू हाय."

"झाडणे झाले की बसेल ना धूळ खाली?" आम्ही विचारले.

"बसते कुठं जी? दिवसभर वरच राहते."

त्या उत्तराने आम्ही थबकलो. जे वर गेले ते खाली यावयाचेच, हे शाळेत शिकलेले आम्ही. आणि हा मनुष्य आयुष्यभराच्या अनुभवाने सांगतो की येत नाही.

शास्त्राचा कौल हमालाच्या बाजूने आहे. १८५१ साली स्टोक्स या गणितज्ञाने बारीक गोल कण द्रवात किंवा हवेत किती वेगाने पडतो याचा नियम काढला. कणाचा व्यास निम्मा झाला की वेग एकदम चौथ्या हिश्शावर येतो. पाण्याएवढ्या घनतेचा, केसाहून थोडा जाड असा शंभर मायक्रोनचा कण आपल्या नाकाच्या उंचीवरून, म्हणजे दीड मीटरवरून, सुमारे सहा सेकंदांत जमिनीस लागतो. दहा मायक्रोनच्या कणास आठ मिनिटे लागतात. एका मायक्रोनच्या कणास बारा तास! आणि हा हिशेब अगदी निवांत हवेचा आहे. कळमन्यात निवांत हवा कोठून असणार? पोती आपटतात, ढीग उलटतात, गाड्या येतात-जातात.

आत्याबाईंस हे स्टोक्सवाचून ठाऊक होते. माहेरी खळ्यावर त्यांनी उफणणी पाहिलेली. "वारा एकसारखा असला तर दाणा पायाशी आणि भूस पलीकडे," त्या म्हणाल्या, "वारा घोटाळू लागला की सगळा कालवा होतो." एकसारखा वारा आणि घोटाळणारा वारा हा भेद ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८८३ साली मँचेस्टर येथे काचेच्या नळीत रंगाची धार सोडून दाखविला. वेग कमी असता धार सरळ दोऱ्यासारखी जाते; तो पुरेसा वाढला की ती विस्कटून भोवऱ्यांत मिसळते. या दुसऱ्या प्रकारास संक्षोभी प्रवाह म्हणतात, आणि त्याचे पूर्ण गणित आजतागायत कोणाच्या हाती लागलेले नाही.

आम्ही आत शिरलो तेव्हा छपराच्या फटीतून उन्हाचा एक तिरपा पट्टा आत आला होता. धूळ हवेत साखरेसारखी सारखी विरघळलेली असते अशी आमची समजूत होती. त्या पट्ट्यात पाहतो तो निराळेच! कोठे दाट झुबके, कोठे लांब तंतू, आणि मध्ये मोकळी भगदाडे. याचे कारण जडत्व. भोवऱ्यातील हवा गरगर वळते. जड कणास तितक्या चपळाईने वळता येत नाही, म्हणून तो बाहेर फेकला जातो आणि दोन भोवऱ्यांमधल्या जागी आपल्यासारख्याच इतर कणांत जाऊन मिळतो. १९८७ साली मॅक्सी यांनी हे गणिताने मांडले, आणि १९९१ साली स्क्वायर्स व ईटन यांनी संगणकाने ताडून दाखविले. सर्वच कण असे जमत नाहीत. अतिसूक्ष्म कण हवेच्या मागे निमूटपणे जातो. फार जड कण भोवऱ्यास जुमानतच नाही. मधल्या मापाचे कण तेवढे झुंडी करतात. गंमत अशी, की हीच मधली मंडळी खाली जाणाऱ्या झोतांच्या वाटेस लागून शांत हवेपेक्षा लवकरही पडू शकतात.

संगणकाने ताडावयाचे म्हणजे हवेचे काल्पनिक घन तुकडे पाडून प्रत्येक ठिकाणचा वेग मोजावयाचा. १९७२ साली असा पहिला मोठा प्रयोग झाला, तेव्हा एका बाजूस ३२ बिंदू होते. २००२ साली जपानच्या 'अर्थ सिम्युलेटर' यंत्रावर ४०९६ झाले, म्हणजे एकंदर ६,८७२ कोटी बिंदू! आपल्या पुण्यातील उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतही २०१८ साली 'प्रत्यूष' हा महासंगणक बसविण्यात आला. ती संस्था मिरचीचा विचार करीत नाही हे उघड आहे. परंतु मेघातील जलबिंदू म्हणजे तरी संक्षोभी हवेतील कणच. ते एकमेकांवर केव्हा आदळतात व थोर होऊन पाऊस केव्हा होतात, हा प्रश्न त्याच जातीचा. २००९ पासून या संस्थेची विमाने मेघांत शिरून मोजमापे घेत आली, आणि २०१२ साली महाबळेश्वरी तिने मेघभौतिकीची प्रयोगशाळा उभारली.

पण आमचे चित्त त्या हमालाकडे लागले होते. श्वास नाकात वळतो तेथेही तेच जडत्व. मोठा कण वळत नाही, नाकाच्या भिंतीवर आदळतो आणि मिरचीच्या दाहक द्रव्याने शिंक आणतो. शिंक आली याचा अर्थ पहारेकरी जागा आहे. अडीच मायक्रोनहून बारीक कण पहाऱ्यास चुकवून फुप्फुसाच्या तळाशी जातात, आणि ते आले हे कळतही नाही. आपल्या देशात २००९ च्या मानकांप्रमाणे चोवीस तासांच्या सरासरीने या कणांची मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे. शहराच्या हवेस ती ठीक. परंतु मनुष्य सरासरी हवा श्वासात घेत नसतो. तो आपल्या तोंडापुढची, त्या क्षणाची हवा घेतो, आणि झाडणाऱ्याच्या तोंडापुढे तर झुंडच असते. दोन मजूर चार हातांवर उभे असता दोघांच्या वाट्यास सारखी धूळ येईल, असे कोणी धरून चालू नये.

"पाणी शिंपडून का झाडीत नाही?" बंधूंनी विचारले. म्हाताऱ्याने त्यांच्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. "मिरचीले ओल लागली का बुरशी धरते, भाऊ. मंग घेणार कोन?" प्रश्न बिनतोड होता. पाण्याने माणूस वाचतो आणि माल जातो. फडके मोठ्या कणांपुरतेच. राहिला उपाय धूळ उठते तेथेच ती ओढून घेणाऱ्या पंख्यांचा, आणि माणसे दूर असताना झाडण्याचा. दोन्हींस खर्च लागतो आणि वेळ लागतो.

आत्याबाईंनी मिरची मोडून, हुंगून, भाव पाडून घेतली आणि दोन पोती रिक्षात चढली. निघताना मागे वळून पाहिले. सांडलेल्या मिरच्या वेचणाऱ्या चार बायका ढिगाच्या कडेस पदर नाकाशी धरून बसल्या होत्या. तेवढ्यात दारातून झुळूक फिरली. एकीने मान वर करून पाहिले, काही न बोलता टोपली उचलली आणि पलीकडच्या अंगास जाऊन बसली. पाठोपाठ इतर तिघीही उठल्या. आमची रिक्षा फाटकाशी पोहोचेतो त्यांनी आणखी एकवार जागा बदलली होती.